आगीशेजारचे पाणी
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



भिलाईतील मराठी घरांत अवजारांची पूजा वर्षातून दोनदा होते. विश्वकर्मा पूजेला कारखान्यातली यंत्रे सजतात आणि खंडेनवमीला घरातला पाना, हातोडा, कानस यांना हळदकुंकू लागते. अलीकडे या पूजेत संगणकही मांडला जातो. त्याला फूल वाहिले जाते, पण तो उघडून पाहिला जात नाही. पान्याला हात लावायला कुणाची हरकत नसते. संगणकाचे झाकण काढले तर घरात ओरडा होतो. आजच्या भाषणाचा विषय असे झाकण काढणाऱ्या आणि त्याहून पुढे जाऊन संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला करवत लावणाऱ्या मुलामुलींचा आहे. ही मुले बाजारातील कॅबिनेट जसेच्या तसे वापरत नाहीत. त्याला नवी भोके पाडतात, खिडकी कापतात, रंग देतात आणि आत पंख्याऐवजी पाण्याची नळी खेळवून संगणक थंड ठेवतात. विजेच्या यंत्रात पाणी हे ऐकताच पालकांच्या पोटात गोळा येतो. तो येणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ही गोष्ट मुळापासून समजून घेणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न असा की, संगणक तापतो तरी किती? चांगल्या प्रतीचा प्रोसेसर भर कामात सुमारे १५० वॅट वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. कपड्यांची इस्त्री १००० वॅटची असते, तेव्हा १५० हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु इस्त्रीची उष्णता तळहाताहून मोठ्या तव्यावर पसरलेली असते, तर प्रोसेसरची उष्णता बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तो तुकडा इस्त्रीच्या तव्याहून दहा पटींपेक्षा अधिक उष्णता सोडत असतो. ती वेळेवर हलवली नाही, तर प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. ग्राफिक्स कार्ड तर याहून अधिक तापते. मोठी कार्डे एकटी ३०० वॅटच्या पुढे जातात.

ही उष्णता हलवायला हवा वापरता येते, तसेच पाणीही. घनफळास घनफळ धरले, तर एका अंशाने तापताना पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण भिलाईत ते पुस्तकाआधी कारखान्यात शिकवले गेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजे ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्या भट्टीत ज्या तोट्यांमधून तप्त हवेचा झोत आत सोडतात, त्यांना ट्युयर म्हणतात. ट्युयर तांब्याचे असतात. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि ट्युयरच्या तोंडापुढील ज्वाळेचे तापमान २००० अंशांच्या पुढे असते. तरीही तांबे टिकते. याचे कारण एवढेच की, त्याच्या पोकळ भिंतीतून पाणी अखंड धावत असते. ते पाणी क्षणभर थांबले तर काय होते, हे या सभागृहातील अनेक निवृत्त वडीलधाऱ्यांना कुणी सांगण्याची गरज नाही. त्यांनी त्या पाण्यावर पाळ्यापाळ्यांनी पहारा दिला आहे. तापलेल्या तांब्याच्या पाठीला पाणी लावणे हेच घरातल्या संगणकाच्या थंडाव्याचे तत्त्व आहे. आकार बदलला, तत्त्व तेच राहिले.

संगणकाला पाणी लावण्याची कल्पनाही आजची नाही. १९६० च्या दशकातील मोठे संगणक खोलीएवढे असत आणि त्यांतील काही पाण्याने थंड केले जात. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाची मंडले तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवूनच ठेवलेली असत. याच दशकात अमेरिकेने असे महासंगणक भारताला देण्यात हात आखडता घेतला. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. विदर्भातून भिलाईस आलेल्या कुटुंबांना या गोष्टीचा विशेष अभिमान वाटावा. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक बसला. त्याच्या थंडाव्यासाठी पाणी थेट तापणाऱ्या भागापर्यंत नेलेले आहे.

महासंगणक आणि घरचा संगणक यांच्यामध्ये हौशी माणसे उभी आहेत. १९९८ साली सेलेरॉन ३००ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. त्याचा ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्‌झ होता. पण तो नीट थंड ठेवला तर ४५० पर्यंत चालतो, असे हौशी लोकांच्या ध्यानात आले. त्या काळात पाण्याच्या थंडाव्याचे तयार सामान सहजी मिळत नसे. मग कुणी मोटारीच्या हीटरमधील छोटा रेडिएटर काढला, कुणी माशांच्या काचपेटीतला पंप आणला, कुणी तांब्याचा ठोकळा ड्रिलने पोखरून त्याला नळ्या डाखल्या. आज दुकानात मिळणारे सुबक सामान या खटपटीतून जन्मले आहे. ज्यांना तयार वस्तू मिळाली नाही त्यांनी ती हाताने केली, आणि वस्तू आधी हातातून घडली, कारखाना मागून आला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. प्रोसेसरवर तांब्याचा एक चपटा ठोकळा बसतो. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक चिरा असतात आणि त्यांतून पाणी वाहते. ठोकळा व प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर देतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्या सूक्ष्म खळग्यांत हवा अडकलेली असते आणि हवा उष्णतेची वाट अडवते. लेप ती हवा हटवतो. तापलेले पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंखे त्याची उष्णता खोलीत सोडतात, पाणी एका छोट्या टाकीत येते, पंप ते पुन्हा ठोकळ्याकडे ढकलतो. एवढेच हे चक्र आहे.

या चक्राविषयी नवशिक्यांचा एक ठाम समज असतो की, पाणी आधी कोणत्या भागाकडे जाते यावर सगळे अवलंबून आहे. तो समज शाळेच्या वहीतच तपासता येतो. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल आणि ते ५०० वॅट उष्णता उचलत असेल, तर एका फेरीत ते सुमारे ७ अंशांनी तापते. मिनिटाला ३ लिटर फिरले, तर अडीच अंशांहूनही कमी. म्हणजे चक्रातील सगळे पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे असते आणि क्रमाने फारसा फरक पडत नाही. क्रमाचा नियम एकच आहे: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्याहून उंच असावी, कारण या पंपाचे वंगण पाणी हेच असते आणि कोरडा पंप थोड्याच वेळात खराब होतो. शाळेच्या पुस्तकातील विशिष्ट उष्माधारकतेचे सूत्र ज्याला परीक्षेपुरते वाटले होते, त्याला ते येथे स्वतःच्या यंत्रासाठी लागते. सूत्र तेच असते. त्याच्याकडे पाहणारी नजर बदलते.

यानंतर पत्र्याचे काम येते आणि खरी परीक्षा येथे सुरू होते. समजा, कॅबिनेटच्या छतावर रेडिएटर बसवायचा आहे आणि त्यासाठी १२० मिलिमीटरच्या पंख्यांची भोके हवी आहेत. अशा पंख्याच्या चार स्क्रूंमधील अंतर १०५ मिलिमीटर असते. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर गुण्या व पट्टी लावून आखणी करायची, मध्यबिंदूवर पंच मारायचा, म्हणजे ड्रिलचे पाते घसरत नाही. आधी बारीक भोक, मग मोठे. वर्तुळ होल सॉने किंवा जिगसॉने कापायचे, कडेवर अर्धगोल कानस फिरवायची आणि शेवटी त्या कडेला रबराची पट्टी बसवायची. कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना नाही, ही गोष्ट आयटीआयमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवली जाते. नामांकित महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या अनेकांना ती ठाऊक नसते.

या कामात दोन नियम मोडता येत नाहीत. पहिला, कापण्यापूर्वी कॅबिनेटमधील प्रत्येक इलेक्ट्रॉनिक भाग बाहेर काढलाच पाहिजे. पत्र्याचा कीस वीज वाहतो. त्याचा एक कण मदरबोर्डच्या दोन तारांमध्ये अडकला, तर महिनाभराची बचत एका क्षणात वाया जाते. म्हणून कापून झाल्यावर पेटी ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायची. दुसरा नियम डोळ्यांवरच्या चष्म्याचा. कारखान्यात सुरक्षेचे फलक वाचत वाढलेल्या गावात त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही.

रंगकाम तर निव्वळ संयमाचे. जुना रंग पॉलिश पेपरने खरवडायचा, आधी जाड दाण्याच्या, मग बारीक दाण्याच्या. प्राइमर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा घासायचा, मग रंगाचे पातळ हात एकावर एक. एकच जाड हात देण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो रंग ओघळतो. ओघळलेला रंग कुणाच्या सबबी ऐकत नाही. तो खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नळ्यांचे काम मात्र भिलाईच्या विशेष ओळखीचे आहे. मऊ नळी वळवायला सोपी. कडक पारदर्शक नळी वळवायची, तर आत सिलिकॉनची दोरी घालून ती हीट गनने सर्व बाजूंनी सारखी तापवावी लागते. नाहीतर वळणावर ती चपटी होते. कापलेल्या टोकाची धार काढावी लागते, अन्यथा ती फिटिंगमधील रबरी कडे कापते आणि गळती तेथूनच सुरू होते. या फिटिंगचे आटे पाव इंची बी.एस.पी. मापाचे असतात. भिलाईत बी.एस.पी. म्हटले की लहान मूलही भिलाई स्टील प्लांट म्हणते. नळांच्या जगात त्याच अक्षरांचा अर्थ ब्रिटिश स्टँडर्ड पाइप असा होतो. येथील फिटर मंडळींनी आयुष्यभर दोन्ही बी.एस.पी. हाताळल्या. नातवाच्या टेबलावरील चकचकीत फिटिंग हातात घेऊन तिचे आटे ओळखणारे आजोबा या गावात पुष्कळ घरांत आहेत. मात्र नातवाने त्यांना ते दाखवले पाहिजे. आणि आजोबांनाही येथे एक नवी गोष्ट शिकावी लागेल: या आट्यांवर सुताचा धागा किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची नसते. गळती रबरी कडे अडवते, म्हणून फिटिंग हातानेच आवळायची. जोर लावला तर ॲक्रिलिकला तडा जातो.

धातूंची निवड हा पुढचा धडा. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, असे जोडकाम स्वस्त पडते म्हणून केले जाते. पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की त्यांचा नकळत एक विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. काही महिन्यांत बारीक चिरा गाळाने बुजतात. रसायनशास्त्रातील धातूंची क्रियाशीलता श्रेणी म्हणजे नेमके हेच. पाणीही नळाचे चालत नाही. त्यात क्षार असतात. ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, त्यात गंजरोधक आणि शेवाळ न होऊ देणारे द्रव्य मिसळावे आणि ते ठराविक काळाने बदलावे. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही हे खरे, पण यंत्रातून फिरता फिरता ते धातूचे कण आणि धूळ घेते व वाहू लागते. म्हणून शुद्ध पाण्याच्या भरवशावर गळतीकडे दुर्लक्ष करणे हा निखालस वेडेपणा होय.

गळतीची चाचणी हा या सबंध उद्योगाचा मर्मभाग आहे. सर्व जोडून झाले, पाणी भरले, आता बटण दाबायचे एवढेच उरले, असा तो क्षण. याच क्षणी बटण दाबायचे नसते. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर अंथरतात. मदरबोर्डची आणि ग्राफिक्स कार्डाची वीज तोडलेली ठेवून, चाचणीसाठी मिळणारी खास पिन लावून केवळ पंप चालवतात. नळ्यांतील बुडबुडे निघावेत म्हणून पेटी हळूच इकडेतिकडे कलवतात आणि कागदाकडे पाहत बसतात. सावध माणसे ही चाचणी २४ तास चालवतात. वीज नसताना थेंब पडला, तर भाग पुसून, पूर्ण वाळवून बहुधा वाचतो. वीज असताना पडला, तर बहुधा जातो. कित्येक आठवडे कष्ट करून हाती आलेले यंत्र समोर तयार दिसत असताना आणखी एक दिवस थांबणे, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सोपे नसते. तो थांबला, तर कोणत्याही संस्कारवर्गात न मिळणारे काही तरी त्याला मिळाले असे समजावे.

या विद्येच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त दुसरीकडे नेली जाते. संगणकातील उष्णता खोलीत येते. शिवाय या बंद चक्रातले पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. आपल्या घरातील खसाचा कूलर हवेपेक्षा गार वारा देतो, कारण तेथे पाण्याचे बाष्पीभवन होते. संगणकाच्या चक्रात ते होत नाही. मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा त्या चक्रातील पाणी त्याहून वरच राहणार. म्हणून थंड प्रदेशातील माणसाला पुरणारा रेडिएटर येथे पुरेलच असे नाही. तो मोठा घ्यावा लागतो आणि धुळीसाठी जाळी लावून ती वरचेवर धुवावी लागते. यंत्र आपल्या गावच्या हवेसाठी बांधावे लागते, हे शहाणपण विकत मिळत नाही.

मग पालकांचा रास्त प्रश्न उरतो: एवढे करून फायदा काय? रोजच्या कामासाठी उत्तर स्पष्ट आहे. हवेचा चांगला कूलर बहुतेकांना पुरतो. पाण्याने संगणक अधिक शांत चालतो, जड काम तासन्‌तास करतो. पण त्यामुळे अभ्यास अधिक होत नाही की गुण वाढत नाहीत. खर्चही बराच येतो. ज्या घराला तो झेपत नाही, त्या घरातील मुलाने पाण्याचा हट्ट धरू नये. त्याने जुनी, भंगारातली पेटी आणावी आणि पत्र्यापासून सुरुवात करावी. आखणे, कापणे, कानसणे, रंगवणे यांना फार पैसे लागत नाहीत, आणि या कामातील बहुतेक शिक्षण त्या पत्र्यातच आहे. एक गोष्ट मात्र कोणत्याही वयात करू नये. संगणकाला वीज पुरवणारी बंद पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतणारा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

खरा फायदा निराळाच आहे आणि त्यात या गावाचे काही तरी पणाला लागलेले आहे. भिलाईची पहिली पिढी हातांनी मोठी झाली. तिने भट्ट्या उभ्या केल्या, रूळ लाटले, नळ जोडले. त्याच कष्टांतून तिने मुलांना शिकवले, आणि शिकवताना एक इच्छा मनात धरली की मुलाच्या हाताला काळे लागू नये. ती इच्छा प्रेमाची होती व पुष्कळ अंशी ती पूर्णही झाली. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. परंतु त्यासोबत हातातली विद्याही घरातून निघून गेली. कारखान्यातील नोकऱ्या आता पूर्वीइतक्या उरलेल्या नाहीत. ज्यांना कानशीचा आवाज ऐकून काम बरोबर चालले आहे की नाही हे कळते, ती माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ती पुढच्या हातात गेली नाही, तर त्यांच्याबरोबरच संपेल.

अशा वेळी एखादी नात किंवा नातू पत्र्याची पेटी, ड्रिल आणि पारदर्शक नळी घेऊन अंगणात बसतो, तेव्हा त्याच्याकडे पैशांची नासाडी करणारा म्हणून पाहू नये. भट्टीशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला आपल्या नातवंडाशी बोलण्यासाठी बऱ्याच वर्षांनी एक विषय मिळालेला आहे, हे ध्यानात घ्यावे. त्याने शेजारी स्टूल ओढून बसावे. ड्रिल कसे धरावे ते दाखवावे. आटे तिरके चढले तर बोटाला ते कसे जाणवते, ते त्याच्याच बोटाला जाणवू द्यावे. आणि नातवाने, प्रोसेसर म्हणजे काय हे आजोबांना त्यांच्या भाषेत, म्हणजे मराठीत, समजावून सांगावे. दोघांनाही एकमेकांना देण्यासारखे काही तरी आहे.

माजी विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला काही द्यावे, असे अनेकांच्या मनात आहे. भिंतीवरील घड्याळे आणि खुर्च्या शाळेला पुष्कळ मिळाल्या. ज्यांच्या घरी एखादा जुना व्हाइस, कानशींचा संच, गुण्या किंवा बंद पडलेला संगणक पडून असेल, त्यांनी तो आणून द्यावा. आणि त्याहून मोलाचे म्हणजे महिन्यातील एक शनिवार द्यावा. आठवीपासूनच्या मुलामुलींनी तो संगणक उघडावा, त्याचे भाग ओळखावेत, त्याच्या पेटीला हाताने नवे रूप द्यावे. पाण्याचे काम पुढे केव्हा तरी होईल. झाले, तर पहिल्या चाचणीच्या वेळी कागद अंथरून, पंप चालू करून, थेंबाची वाट पाहत बसलेल्या मुलांमध्ये एखादे निवृत्त आजोबा असावेत. आगीशेजारी पाणी कसे सांभाळायचे, हे त्यांना ठाऊक आहे.